एका अर्जावर एकच तक्रार

घरचे डॉक्टर दवाखान्याला कुलूप लावून लेकीकडे राहायला गेले, त्याला दोन महिने होतात न होतात तोच मीटरवाल्याच्या घशाचं सुरू झालं.

"तीस वर्षं दवाखाना उघडा होता तेव्हा साधी शिंक आली नाही याला," त्याची आई म्हणाली. "दार बंद झालं आणि साहेब आजारी पडले."

मीटरवाला हसला. त्याला सगळे मीटरवालाच म्हणत, घरात चेष्टेने आणि बाहेर कामामुळे. वीज कंपनीत तो मीटरचे आकडे घ्यायचा. जुन्या भागातल्या चार-चार मजली इमारती त्याच्या वाट्याला होत्या. तिथे लिफ्ट नाही, आणि मीटरही खाली एका जागी नाहीत. ज्याचा त्याचा मीटर ज्याच्या त्याच्या दाराबाहेर, लाकडी पेटीत. बारा वर्षं तो हे जिने चढत होता. कुठल्या मजल्यावरचा कुत्रा नुसताच भुंकतो आणि कुठला खरोखर चावतो, हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं.

"नेमकं काय होतं?" त्याच्या बायकोने विचारलं.

"आवळल्यासारखं. म्हणजे कुणीतरी मागे उभं राहून शर्टाचं सगळ्यात वरचं बटण लावतंय आणि ते काही लागत नाहीये."

"आणि छातीत?"

"जळजळ. कधी जळजळ, कधी नुसतंच जड. दुपारचं जेवण झालं की जास्त."

"कधीपासून?"

"झाले पंधरा दिवस."

"आणि आज सांगतोस?"

"आज विचारलंस."

सासूबाईंच्या समोर ती त्याला 'अहो' म्हणायची, पण काळजी वाढली की 'अहो'चा 'अरे' व्हायचा. सासूबाईंनी कधीच त्यावरून टोकलं नव्हतं. सून 'अरे'वर आली की त्याही हातातलं काम ठेवून ऐकायला लागत. एरवी ती कशाचीही काळजी करायची. दोन वर्षांची लेक ठकी खोकली तरी ती तिच्या पाठीला कान लावून बसे. नवऱ्याच्या बाबतीत मात्र ती अशी गाफील कशी राहिली, हे तिने पुढे स्वतःला पुष्कळदा विचारलं.

प्रश्न होता तो जायचं कुणाकडे. घरचे डॉक्टर होते तोवर हा प्रश्नच नव्हता. केस गळले तरी तेच आणि नख उपटलं तरी तेच. आता गल्लीच्या तोंडाशी नवीन इमारत झाली होती आणि तिच्यावर खालपासून वरपर्यंत डॉक्टरांच्या पाट्या होत्या. एकाकडे घसा, एकाकडे पोट, एकाकडे हाडं, एकाकडे नुसते गुडघे.

"घसा धरतो ना? मग घशाचा," सासूबाई म्हणाल्या. "यात एवढी पंचायत कसली?"

"आणि छातीतलं?"

"ते पोटाचं. याच्या वडलांना जन्मभर होतं ते. पन्नाशीला झोपेतच गेले बिचारे, पण तो दिवस सोडला तर पोटाशिवाय कशाची तक्रार नव्हती माणसाची."

औषधांच्या दुकानदाराने निराळंच सांगितलं. तो म्हणाला, धुळीतलं काम आहे, छातीचे डॉक्टर गाठा. मीटरवाल्याचं म्हणणं होतं की कुणीच नको, चार दिवसांत आपोआप जाईल.

"तू गप्प बस," ती म्हणाली. "तुझं मत पेशंटचं आहे."

मग तिने तिच्या पद्धतीने तो गुंता सोडवायला घेतला.

ही पद्धत ती कचेरीत शिकली होती. ठकी व्हायच्या आधी सहा वर्षं ती त्याच वीज कंपनीत तक्रारींच्या खिडकीत बसायची. तिथे काचेवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं: एका अर्जावर एकच तक्रार. लोक चिडत. पण त्यामागे कारण होतं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी एकाच कागदावर लिहिलं होतं की घरात दिवे मिणमिणतात आणि दाराबाहेरच्या वायरीतून ठिणग्या पडतात. तो कागद दिव्यांच्या विभागाने वायरवाल्यांकडे पाठवला, वायरवाल्यांनी दिवेवाल्यांकडे, आणि दोन महिन्यांनी पेटी जळाली तेव्हा कागद कुठल्या टेबलावर आहे हे कुणालाच सांगता येईना. तेव्हापासून तिने एकही दुहेरी अर्ज घेतला नाही. तिच्या खिडकीवरची कामं सगळ्यांत लवकर होत. मीटरवाल्याने तिला पहिल्यांदा पाहिलं ते तिथेच, तीन तक्रारींचा एक कागद घेऊन आलेला असताना. तिने त्याला तीन कोरे अर्ज दिले होते. "लग्नाचं विचारायला गेलो तर चौथा अर्ज देईल म्हणून घाबरलो होतो," असं तो लोकांना सांगायचा.

तर तिने जुन्या कॅलेंडरची पानं फाडून तीन चिठ्ठ्या केल्या आणि त्याला समोर बसवलं.

पहिलीवर लिहिलं: घसा. आवळल्यासारखं, गिळायला त्रास नाही, आवाज बसत नाही, कधीकधी जबड्यापर्यंत जातं.

दुसरीवर: पोट. छातीत जळजळ, जडपणा, दुपारी जेवणानंतर, दहा-पंधरा मिनिटं.

"आणखी?"

"आणखी म्हणजे, जिने चढून दमायला होतं हल्ली."

"चाळिशी उलटली," आतून सासूबाई म्हणाल्या. "आता काय हरणासारखा उड्या मारणार आहेस?"

तिने तिसऱ्या चिठ्ठीवर 'दमणूक' एवढंच लिहिलं. या चिठ्ठीचा डॉक्टर कोण ते तिला ठरवता येईना. आधी ही दोन कामं मार्गी लावू, मग रक्त तपासून घेऊ, असं म्हणून तिने ती चिठ्ठी बरणीखाली सरकवली.

घशाचे डॉक्टर तरुण होते आणि बोलायला गोड. बाहेर तीसेक माणसं बसलेली. तिने चिठ्ठी पुढे केली तशी ते खूश झाले.

"वा! असं लिहून आणणारे पेशंट कमी. नाहीतर लोक गुडघ्यापासून सुरुवात करतात."

तिला बरं वाटलं. शाळेत वही दाखवल्यावर वाटायचं तसं.

डॉक्टरांनी नाकातून बारीक नळी घातली, पडद्यावर त्याचा घसा दाखवला. जरा लाल होता. पोटातलं आम्ल वर येत असणार, ते म्हणाले. गुळण्या, चहा बंद, रात्री उशी उंच. मग कागदावर लिहितालिहिता त्यांनी विचारलं, "आणखी काही त्रास?"

मीटरवाल्याने तोंड उघडलं. मग बायकोकडे पाहिलं.

तिने हलकेच मान हलवली. नाही. बाकीचं दुसऱ्यांकडे. इथे बाहेर तीस माणसं ताटकळत होती आणि या माणसाचं काम घशाचं होतं.

"नाही," मीटरवाला म्हणाला. "बाकी काही नाही."

पोटाच्या डॉक्टरांकडे चार दिवसांनी नंबर लागला. ते वयस्कर, कमी बोलणारे. त्यांनी दुसरी चिठ्ठी वाचली, घशाच्या डॉक्टरांचा कागद वाचला आणि पोट दाबून पाहिलं.

"जळजळ जेवणानंतर?"

"हो. दुपारी डबा खाल्ला की अर्ध्या तासात."

"जेवून लगेच आडवे होता का?"

"छे हो, जेवून लगेच कामाला लागतो," मीटरवाला म्हणाला.

काम कसलं, ते डॉक्टरांनी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. दुपारी डबा खाऊन झाला की त्याची दुसरी फेरी असायची, आणि दुसऱ्या फेरीतल्या इमारती सगळ्या चार मजल्यांच्या. तिला हे माहीत होतं. ती तिथेच, त्याच्या शेजारच्या खुर्चीत, ठकीला मांडीवर घेऊन बसली होती. पण दुसऱ्या चिठ्ठीवर जेवण होतं आणि जिने तिसरीवर, बरणीखाली.

सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या गोळ्या मिळाल्या. जळजळलं की घ्यायचं पांढरं औषध मिळालं. तीन आठवड्यांनी दुर्बिणीने पोट बघू, असं ठरलं. आठवडाभर त्याला खरंच बरं वाटलं. सासूबाई म्हणाल्या, "बघ, मी म्हटलंच होतं, वडलांसारखं पोट." तिने दोन्ही कागद फाइलला लावले. तिला आतून शांत वाटलं, तक्रार नोंदवून पोच मिळाल्यासारखं.

दुसऱ्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, ती ठकीची नखं कापत असताना फोन वाजला. कचेरीतून, शेजारच्या खिडकीतल्या मैत्रिणीचा. ही बाई फोनवर कधी हळू बोलायची नाही. आज कुजबुजत होती.

"ऐक, साहेबांच्या कानावर जायच्या आत सांगते. तुझ्या नवऱ्याच्या नावाने सात तक्रारी आल्यात."

"कसल्या?"

"आकडे चुकीचे. लोक म्हणतात, मीटर बघायला कुणी आलंच नाही, घरबसल्या अंदाजे लिहिलंय. मी म्हटलं, छे, हा माणूस असं करणार नाही. मग मी सातही अर्ज समोर मांडले." ती थांबली. "सगळे तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यांचे आहेत गं. पहिल्या-दुसऱ्याचा एकही नाही. पायात काही झालंय का त्याच्या?"

 नेलकटर ठकीच्या बोटाशी तसाच राहिला.

सात अर्ज एकाच टेबलावर आले तेव्हा कुठे त्या मैत्रिणीला मजले दिसले. आणि इथे हिच्या घरात तीन चिठ्ठ्या होत्या, ज्या तिने एकदाही शेजारी-शेजारी ठेवल्या नव्हत्या. तिने बरणी उचलली. फाइलमधून बाकीच्या दोन काढल्या. ओट्यावर मांडल्या. घसा आवळतो, जबड्यापर्यंत जातं. छाती जड होते, दहा-पंधरा मिनिटं. जिने चढून दमायला होतं. ती कॉलेजात विज्ञान शिकली होती. हे वाचायला डॉक्टर असावं लागत नव्हतं.



"काय झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"सकाळी जाताना काही म्हणाले का हे?"

"काही नाही. दोनदा पांढरं औषध घेतलं. म्हणाला, आज पहाटेपासूनच जळजळतंय. का गं?"

तिने फोन लावला. वाजला, वाजत राहिला. परत लावला. मंगळवारी कुठली फेरी, हे तिला पाठ होतं. ठकीला सासूबाईंकडे देऊन ती पायात मिळाली ती चप्पल घालून निघाली. रिक्षात बसल्यावर कळलं की एक आपली आहे आणि एक सासूबाईंची.

तिसऱ्या इमारतीत तो सापडला. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या जिन्यावर बसला होता, भिंतीला टेकून. टॉर्च मांडीवर, चालूच. भर दिवसा टॉर्चचा उजेड समोरच्या पायरीवर पडला होता. चेहरा राखेसारखा, शर्ट पाठीपासून पोटापर्यंत ओला. वर दारात एक बाई पाण्याचा पेला घेऊन उभी होती.

"मगाचपासून बसलेत," ती बाई म्हणाली. "मी म्हटलं कुणाला बोलावू का, तर म्हणतात ॲसिडिटी आहे."

"खिडकी, तू?" तो म्हणाला. एकटे असले की तो तिला खिडकी म्हणायचा. "इथे कशी?"

"अरे, कधीपासून होतंय?"

"पहाटेपासून. जातच नाहीये या वेळी. ते पांढरं दोनदा घेतलं." त्याला बोलायला दम लागत होता. "पोटाच्या डॉक्टरांकडे जाऊया का? आज दुपारी असतात ते."

"नाही."

"मग घशाच्या?"

"गप्प बस. बोलू नकोस." तिने त्या बाईला रुग्णवाहिका बोलवायला सांगितलं आणि त्याच्या शेजारी, त्याच अरुंद पायरीवर बसली. त्याचा हात घामाने निसरडा झाला होता. "वरचे मजले चढत नव्हतास."

त्याने डोळे मिटले. "कळलं का कचेरीत?"

"मला का नाही सांगितलंस?"

"चढता येत नाही म्हटलं तर फेरीवरून काढतात. आणि..." तो थांबला, श्वास घेतला. "त्या घशाच्या डॉक्टरांकडे सांगणार होतो. घशाचं फक्त जिन्यातच होतं म्हणून. त्यांनी विचारलं ना. पण तू मान हलवलीस. म्हटलं, हिला माहीत असेल."

यात आरोप नव्हता. आरोप असता तर तिला काहीतरी उत्तर देता आलं असतं.

हॉस्पिटलात दारातच एक डॉक्टर मुलगी भेटली, फार तर पंचविशीची, केस कसेतरी बांधलेले. "काय होतंय?" असं तिने विचारलं आणि मीटरवाल्याच्या बायकोने सुरुवात केली. घसा, जबडा, छाती, जिने, डबा, दुपारची फेरी, पहाटेपासूनचा घाम, पांढरं औषध, पन्नाशीला झोपेत गेलेले सासरे. काही क्रम नव्हता, मागचं पुढे आणि पुढचं मागे. तीही मध्ये थांबली नाही आणि ती मुलगीही. हात चालूच होते. छातीला चकत्या चिकटवत, नर्सला खुणा करत ती ऐकत होती. सगळं सांगायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मशीनमधून निघालेली पट्टी पाहून ती मुलगी पळतच गेली.

मोठे डॉक्टर संध्याकाळी बाहेर आले. तोवर सासूबाई ठकीला घेऊन आल्या होत्या आणि बाकावर ताठ बसल्या होत्या.

"हृदयाची नळी उघडली," ते म्हणाले. "पण पहाटेपासून बंद होती. पुढच्या भिंतीचा बराचसा स्नायू गेला. तो पुन्हा होत नाही."

"जातो म्हणजे?"

"मरतो."

त्यांनी विचारलं की आधी कुणाला दाखवलं होतं का. तिने दोन नावं सांगितली. डॉक्टरांनी भुवया उंचावल्या.

"आणि त्यांना हे चढताना होतं असं कुणी बोललं नाही?"

"नाही," ती म्हणाली. "मी बोलू दिलं नाही."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. ती वाट पाहत होती, आता काहीतरी कानावर येईल याची. पण सासूबाई ठकीच्या टोपीची नाडी सोडत आणि पुन्हा बांधत राहिल्या. बऱ्याच वेळाने एवढंच म्हणाल्या, "त्याच्या वडलांचं मीसुद्धा पोट पोट करत बसले होते." 

पाचव्या दिवशी त्याला साध्या खोलीत आणलं. गालावर दाढी वाढली होती पण डोळे तरतरीत होते. उशीला टेकून त्याने ठकीला कुत्र्यासारखं हुंगायची नक्कल करून दाखवली आणि ती खिदळली.

"ऐक ना," तो म्हणाला. "घसा एकदम मोकळा आहे. काल नर्सने वऱ्हांड्यात चालवलं, तरी काही नाही. आवळणं नाही, जळजळ नाही. आधीच इथे आलो असतो तर त्या नळ्या आणि गुळण्या वाचल्या असत्या. महिनाभरात लागतो बघ कामाला."

"आधी नीट बस," त्याची आई म्हणाली. तिचा आवाज आनंदाने चिरकला होता.

त्याच सकाळी मोठ्या डॉक्टरांना मीटरवाल्याच्या बायकोने हेच विचारलं होतं. दुखत नाही म्हणतात, म्हणजे चांगलं ना?  ते म्हणाले होते, तिथे दुखायला आता जिवंत काही उरलेलं नाही. तिसरा हिस्सा काम करतोय, त्यावर सांभाळून राहायचं. यांना कधी सांगायचं ते तुम्ही ठरवा. हवं तर थोडं थोडं सांगा.

थोडं थोडं. आज घशाचं, उद्या कामाचं, परवा उरलेलं. तिने ठकीला पलंगावरून उचलून सासूबाईंच्या मांडीवर ठेवलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"आई, तुम्हीही ऐका," ती म्हणाली. "घसा मोकळा झालेला नाहीये, अरे."

आणि तिने सांगितलं, सगळंच. स्नायूचं, तिसऱ्या हिश्श्याचं, का दुखत नाही त्याचं. डॉक्टरांनी मला विचारलं तेव्हा मी काय म्हणाले, तेही. तो तिच्या तोंडाकडे बघत होता. मध्ये एकदाच त्याचा हात आपोआप गळ्याशी गेला, चाचपून परत खाली आला.

ती बोलायची थांबली.  ठकीने आजीच्या बांगड्या एकेक करून वाजवून पाहिल्या.

"किती मजले चालतील म्हणाले?" त्याने विचारलं.

"एकही नाही."

त्याने मान डोलावली, एखाद्या दारात उभं राहून कुणीतरी सांगितलेला आकडा लिहून घ्यावा तशी. मग तोंड खिडकीकडे वळवलं. समोर नवीन इमारत चढत होती, तिचे मजले तो मोजतोय की नुसताच बघतोय, हे तिला कळेना. तिने त्याचा हात धरला. त्याने तो काढून घेतला नाही, पण धरलाही नाही.